बारा पायऱ्यांत न बसलेला दात

“जगातलं कुठलंही काम बारा पायऱ्यांत बसतं, आणि बारा पायऱ्यांत बसलेलं काम कुणालाही येतं,” असं हैबतरावांनी रोह्याच्या कौशल्य केंद्राच्या वर्धापनदिनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मग त्यांना माइक बंद करता येईना. त्यांनी दोन-तीन ठिकाणी दाबून पाहिलं, पंखा बंद झाला, माइक चालूच. पुढची दहा मिनिटं ते शेजारच्या प्रमुख पाहुण्यांना आपल्या पोटाच्या तक्रारीबद्दल विश्वासात घेऊन जे सांगत होते, ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. अखेर पाचव्या रांगेतून केंद्रात शिकणारा जितेश उठला, मंचावर चढला, माइकच्या बुडाशी असलेलं बटण खाली ओढलं आणि परत जागेवर जाऊन बसला. त्याला एकच पायरी लागली.

हैबतराव धाटावच्या एका केमिकल कंपनीत छत्तीस वर्षं सेफ्टी खात्यात होते. पाट्या लिहिणं हे त्यांचं काम. त्या पाट्यांमुळं किती अपघात टळले याची नोंद कुठं नाही, पण पाटीला धडकून दोघांना टाके पडल्याची आहे. निवृत्तीनंतर घरातल्या भिंती भरल्या, तेव्हा त्यांच्या पत्नीनं त्यांना केंद्राचा पत्ता दिला. केंद्र म्हणजे भाताचं जुनं गोदाम. तिथं अकरा मुलंमुली काम शिकायला यायची, कुणाला ऐकू कमी यायचं, कुणाला शिकायला वेळ लागायचा. शिकवायला दोन बाई आणि पाट्यांचे सर म्हणून हैबतराव. प्रत्येक कामाची त्यांनी चित्रपाटी केली: फरशी पुसणे, एसटीत चढणे, चहा करणे. पायऱ्या बाराच. कमी भरल्या तर ते वाढवायचे. चहाच्या पाटीवर बारावी पायरी ‘समाधान मानणे’ अशी होती, आणि तिच्यासमोर हसऱ्या माणसाचं चित्र होतं.

जितेश बावीस वर्षांचा. त्याचं डोकं सावकाश निघायचं, पण निघालं की मधल्या स्टेशनांवर थांबायचं नाही. अपंगत्वाच्या दाखल्यावर त्याला साठ टक्के होते आणि तो ते फर्स्ट क्लास मिळाल्यासारखं सांगायचा. हैबतरावांना मॅट्रिकला एवढे नव्हते, त्यामुळं ते विषय बदलायचे.

जितेशची नजर मात्र देवाची देणगी होती. केंद्रात मातीच्या पणत्या खोक्यात भरायचं काम चालायचं. त्या पाटीवर सातवी पायरी लाल अक्षरांत होती: ‘मोडकं दिसलं की बाजूला. विचारायचं नाही. वाद घालायचा नाही.’ पणतीच्या कडेचा तांदळाएवढा टवका जितेशला चार हातांवरून दिसायचा. एकदा देणगीदार आले होते. त्यांच्या कपाची कड उडालेली होती. जितेशनं त्यांच्या ओठांपासून कप काढून घेतला, बाजूला ठेवला, आणि वाद घातला नाही.

ही नजर बघूनच पेणच्या काळुरामशेठनी त्याला कामावर घ्यायचं कबूल केलं. काळुरामशेठचा गणपतींचा कारखाना. रंगकाम झालेल्या मूर्ती गाडीत चढण्याआधी कुणीतरी नीट तपासायला हव्या असतात. कुठं पायाचं बोट गेलेलं, कुठं मुकुटाची कळी. हे काम आजवर चार जण मिळून करायचे आणि चौघंही एकमेकांवर सोडून द्यायचे. शेठ म्हणाले, एक आठवडा बघतो. जमलं तर कायम, आणि मग तुमच्या केंद्रातली आणखी दोन पोरं घेईन. नाय जमलं तर पुन्हा या विषयावर फोन करायचा नाय. शिवाय एक अट. पोरानं रोह्याहून एकट्यानं यायचं, एकट्यानं जायचं. “मला कामाला माणूस हवाय, सर,” ते म्हणाले. “त्याची मिरवणूक नको.”

महिनाभर हैबतरावांनी जितेशला रोहा ते पेण नेलं-आणलं. पणत्यांची पाटी मूर्तींनाही चालेल म्हणून तीच त्याच्या पिशवीत घातली. गाडीची नवी पाटी केली. तीत अनोळखी माणसाशी बोलू नये, दारात उभं राहू नये, झोपलेल्या प्रवाशाला हात लावू नये, असं सगळं होतं. शेवटच्या आठवड्यात जितेशच त्यांना पेण स्टेशनबाहेर योग्य वळणावर दंडाला धरून वळवायला लागला. तरी रविवारी संध्याकाळी हैबतराव त्याच्या घरी गेले. जितेशची आई गिरजाबाई धाटावला कॅन्टीनमध्ये काम करायची; शिफ्टवरून येऊन नुकती टेकली होती. हैबतरावांनी तिला धीर द्यायला सुरुवात केली. घाबरू नका, पोरगा हुशार आहे, काही होणार नाही, असं ते पाव तास सांगत होते आणि तेवढ्यात त्यांनी तीनदा कपाळ पुसलं.

“तो जाईल वो, सर,” गिरजाबाई म्हणाली. “मला तुमचीच काळजी हाय. उद्या दिवसभर करनार काय तुमी?”

सोमवारी हैबतराव काय करणार होते, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पत्नीला बँकेत जातो म्हणाले आणि सकाळच्या गाडीत एका डब्याच्या मागच्या टोकाला जाऊन बसले. ओळखू येऊ नये म्हणून अंगात रेनकोट, डोक्यावर टोपी, टोपीवर रेनकोटचं टोपरं, तोंडाला रुमाल. बाहेर कडक ऊन पडलं होतं. डब्यातली माणसं त्यांच्याकडं बघायची, मग खिडकीतून आभाळाकडं बघायची. जितेश त्याच डब्यात पुढच्या दारानं चढला, जागा शोधत मागं आला आणि त्यांच्या बरोबर समोर बसला. त्यानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, मग पिशवीतून गाडीची पाटी काढून वाचली आणि ती परत ठेवली. हैबतरावांनी रुमाल डोळ्यांपर्यंत ओढला.

नागोठण्यापर्यंत त्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. पण रेनकोटात ऊब फार, आदली रात्र जागून काढलेली. कासूला त्यांची मान पडली. जाग आली तेव्हा समोरची जागा रिकामी होती आणि खिडकीबाहेरच्या पाटीवर ‘जिते’ लिहिलेलं होतं. पेण केव्हाच मागं पडलं होतं.

ज्याला एकट्यानं प्रवास शिकवला तो वेळेवर उतरला आणि शिकवणारा दोन स्टेशनं पुढं गेला, ही गोष्ट जित्याच्या फलाटावर कुणाला सांगण्यासारखी नव्हती. हैबतराव हायवेवर येऊन दोन तास ताटकळले आणि सहा आसनी रिक्षात नववे म्हणून बसले. कारखान्यात न जाता समोरच्या टपरीवरून नुसती नजर ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण रिक्षातून उतरतात तोच कारखान्याच्या दारात कमरेवर हात ठेवून काळुरामशेठ उभे.

“या,” शेठ म्हणाले. “बोलावनारच होतो. तुमच्या मानसानं अख्खा माल बाद केला.”

आतल्या खोलीत दोन फळ्या होत्या. उजव्या फळीवर चांगला माल ठेवायचा, डावीकडं मोडका. डावी फळी भरून गणपती जमिनीवर उतरले होते, जमिनीवरून भिंतीला लागले होते. लालबाग पद्धतीचे, पगडीवाले, सिंहासनावरचे, सगळे ओळीनं, काही चुकल्यावर वर्गाबाहेर उभे केल्यासारखे. उजवीकडं मोजून नऊ. मधोमध जितेश, हाताची घडी घालून, काम संपवून उभा. तीन वाजता गाडी यायची होती.

काळुरामशेठ ओरडले असते तर बरं, पण ते हळू बोलत होते. माझा तीस वर्षांचा कारखाना आहे, ते म्हणाले, माझे गणपती कुठं कुठं जातात, आणि आज एका सकाळी कळलं की मी आजवर मोडका मालच विकत होतो. त्यांनी हैबतरावांना सांगितलं, त्याला आजच घेऊन जा, आणि ती आणखी दोन पोरं पण विसरा.

केंद्रातली ती दोघं हैबतरावांना दिसायला लागली. पाट्या पाठ करून तयार बसलेली. त्यांनी जितेशला विचारलं, “यात मोडकं काय आहे?”

जितेशनं पहिल्या मूर्तीच्या तोंडाकडं बोट दाखवलं. “दात.”

मग दुसरीकडं. “दात.” मग तिसरीकडं.

हैबतरावांनी वाकून बघितलं. एका बाजूला अख्खा सुळा, दुसऱ्या बाजूला अर्धा. दुसऱ्या मूर्तीला तसंच. तिसऱ्या, चौथ्या, सगळ्यांना तसंच. गणपतीला एकदंत म्हणतात आणि त्याचा एक दात मोडलेलाच असतो, हे छत्तीस वर्षं सेफ्टीत काढलेल्या, दरवर्षी घरी गणपती बसवणाऱ्या माणसानं पाटीवर लिहिलं नव्हतं. सातवी पायरी तेवढी लाल अक्षरांत होती.

चूक त्याची नाही, माझी आहे, असं ते शेठना म्हणाले. हे वाक्य त्यांनी उभ्या नोकरीत उच्चारलं नव्हतं, त्यामुळं ते जरा अडखळत बाहेर आलं. मग ते जितेशला समजावायला बसले. हा दात मुद्दाम मोडलेला असतो. तो तसाच पाहिजे.

“कोणी मोडला?” जितेशनं विचारलं.

परशुरामानं कुऱ्हाड मारली, हैबतराव म्हणाले. कसली कुऱ्हाड, शेठ मध्येच म्हणाले, देवानं स्वतः मोडला, महाभारत लिहायला. हैबतराव म्हणाले, लिहायला बोरू असतो की, दात कशाला मोडेल. शेठ म्हणाले, गणपती मी करतो का तुम्ही? दोघंही जरा तापले. आपण कशासाठी उभे आहोत हे पाच-सात मिनिटं कुणाच्या लक्षात नव्हतं. जितेशनं दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्हाला दोघांना पन नक्की माहीत नाय,” तो म्हणाला.

कोपऱ्यात दिपिका बसली होती. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तिच्याकडं. दिवसाला शंभर देवांना दृष्टी देणारी, म्हणून ती कुणाला फारशी भीत नसे. तिला हसू आलं, ते दाबायला ती उठून उजव्या फळीपाशी गेली आणि तिथंच थबकली.

“शेठ, हिकडं या. हे नऊ बघा.”

शेठ गेले. मागून हैबतराव. त्या नऊ मूर्तींना दोन्ही दात अख्खे होते. एकदम टोकदार, सरळ, हत्तीला असावेत तसे. कारखान्यात नवीन आलेल्या कारागिरानं साच्यातून काढताना जे मोडायचं ते मोडलंच नव्हतं. चार तपासणारे होते, त्यांच्या हातून ते पुढं गेले, रंगले, सजले, आणि आज तीनच्या गाडीनं जाऊन कुणाच्या तरी मखरात बसले असते. मग त्या घरच्या आजीनं आरतीच्या वेळी चष्मा लावला असता आणि काळुरामशेठच्या तीस वर्षांचं काय झालं असतं ते बोलायला नको.

शेठनी नऊच्या नऊ मूर्ती उचलून बघितल्या. मग डावीकडच्या ओळींतून दहा-बारा बघितल्या. एकही दात चुकीचा नाही. पोरानं माल अचूक निवडला होता. फक्त दोन फळ्यांची नावं उलटी होती.

पुढचं जितेशनंच काढलं. “बोट मोडलं तर?”

“नाय चालत,” शेठ म्हणाले.

“उंदराचा कान?”

“नाय.”

“दात?”

“दात मोडलेला पायजे. पन एकच. दोन्ही मोडले तर बाद, दोन्ही अख्खे तरी बाद.”

जितेशनं पिशवीतून पणत्यांची पाटी काढली. बाराव्या पायरीखाली थोडी जागा होती. तिथं त्यानं पेन्सिलनं हत्तीचं तोंड काढलं, एक सुळा लांब, एक तोकडा, आणि पुढं ठसठशीत बरोबरची खूण. हैबतरावांचा हात आपसूक खोडरबराकडं गेला. मग तो त्यांनी खिशातच राहू दिला.

पुढं सगळं भराभर झालं. जितेशनं डावीकडचा माल पुन्हा तपासला. एका मूर्तीच्या उंदराची शेपटी आणि एका पगडीचा तुरा, एवढंच बाजूला पडलं. दिपिकानं चहा सांगितला. शेठनी जितेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि आठवडा कशाला, उद्यापासून कायम ये, असं सांगितलं. मग हैबतरावांकडं वळून म्हणाले, ती दोन पोरं पण पाठवा. “मात्र येकटी पाठवा,” असं म्हणताना त्यांनी रेनकोटाकडं बघितलं.

हैबतरावांनी जितेशला हळूच विचारलं, “गाडीत ओळखलं होतंस मला?”

“व्हय. पेन आलं तवा उठवनार होतो. पन झोपलेल्या प्रवाशाला हात लावायचा नाय.”

हे ऐकून हैबतराव मागं जे मऊ लागलं त्यावर बसले. असं काही ऐकल्यावर भाषण केल्याशिवाय दुसरं काही करता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. रुमाल सोडून त्यांनी सुरुवात केली. आज या कारखान्यात एका तरुणानं आपल्या पायावर उभं राहून दाखवलं, ते म्हणाले. आपण ज्यांना आधार द्यायला निघतो त्यांना खरं तर आपण फक्त वाट मोकळी करून द्यायची असते. स्वावलंबन म्हणजे काय, काळुरामशेठ? स्वावलंबन म्हणजे... दिपिकाचा ब्रश थांबला. शेठनीही चहाचा कप खाली ठेवला. जितेश समोर येऊन उभा राहिला होता आणि वाक्य संपायची वाट बघत होता. ते संपेना, तेव्हा तो वाकला.

“सर, जरा उठता? पेंढा पायजे होता, प्याकिंगला.”