हद्दीबाहेरचा पलंग

रंपाने लाल सरबताच्या बाटलीत नळी सोडली आणि ती बाटली खांबावरच्या छोट्या देवघरापुढे ठेवली. रुग्णालयाच्या आवारात, पिंपळाखाली, हे जागेच्या मालकाचं, म्हणजे इथल्या राखणदार देवतेचं, घर होतं. भिंत पाडायची असो की विहीर बुजवायची, आधी त्याला सांगायचं, काय करणार आणि कुठवर करणार. संगणकाचं काम असलं तरी सांगायचं, असं तिच्या आईने बजावून पाठवलं होतं.

तिने उदबत्त्या कपाळाशी धरल्या. वॉर्डांतल्या पलंगांच्या घंटा परिचारिकांच्या मोबाइलशी जोडायच्या आहेत, बाकी कशाला हात लावायचा नाही, एवढंच नीट सांगायचं होतं. पण फाटकाशी कियातदादा गाडीचा हॉर्न वाजवत होता. आज रुग्णालयाची करारावर सही झाली नाही तर बँकॉकातलं त्यांचं लहानसं ऑफिस बंद होणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आज सही होऊ दे," ती घाईघाईने पुटपुटली. "या इमारतीतली एकही हाक उत्तरावाचून राहणार नाही. ते माझ्याकडे लागलं."

ती वळली तर मागे मोगऱ्याची माळ घेऊन प्रानोममावशी उभ्या होत्या. इथल्या मुख्य परिचारिका.

"मावशी! कधी आलात?"

"तू बोलत होतीस तेव्हाच." मावशींनी माळ वाहिली, डोळे मिटले. "नवस आखडता बोलावा गं पोरी. शेवटी फेडायचा आपल्यालाच असतो."

बैठकीत कियातने फळ्यावर इमारतीचा नकाशा काढला. काम सुरू करण्याआधी त्याची हद्द ठरवायची, नाहीतर पुढे रोज नवं मागणं येतं, हे तो हसतखेळत सांगत होता. बाळंतिणींचा वॉर्ड आत. मुलांचा आत. औषधखाना बाहेर.

"आणि जुना भाग?" मावशींनी विचारलं.

"तो पुरापासून बंद आहे ना? तिथे कबुतरांना सलाईन लावायचंय का, मावशी?"

सगळे हसले. मावशीही हसल्या.

"कबुतरं घंटा वाजवत नाहीत, बाळा. खिडकीजवळच्या पलंगाची घंटा वाजते. रोज दुपार कलली की. मी जाते, 'आले हं' म्हणते, पाणी भरून ठेवते. या महिन्यात मी निवृत्त होतेय. मग कोण उठणार? ते तेवढं तुमच्या यंत्रात बसवा."

आता कुणी हसलं नाही. अधीक्षक डॉक्टर हातातल्या पेनाचं टोपण काढत, लावत राहिले.

"तारांत ओल असेल," कियात म्हणाला. "रंपा, बघून ये."

जुन्या भागाच्या तोंडाशी परिचारिकांची खोली होती. भिंतीवर दिव्यांची पाटी, प्रत्येक पलंगाला एक दिवा. सगळ्या काचांवर धूळ बसली होती, एक तेवढी पुसलेली. रंपाने बॅग टेबलावर ठेवली आणि वाकून पाटीखाली पाहिलं. तारांचा जुडगा कापलेला होता. टोकांना चिकटपट्टी गुंडाळून तो नुसता लोंबत होता. तिने तो हातात धरून पाहिला. पाटी कशालाच जोडलेली नव्हती.

ती पुढे वॉर्डाकडे निघाली तशी मावशींनी दंड धरला.

"बाहेरचे बूट आत नकोत. मी त्या रबरी चपला घालते."

"आत कुणी नाही, मावशी."

"तरी वॉर्ड तो वॉर्डच."

रंपा उंबऱ्यातच थांबली. "तिथे कोण असायचं?"

"मी कधी विचारलं नाही. हाक मारणाऱ्याला तू कोण, असं विचारतात का?"

रंपाने परत जाऊन जे पाहिलं ते सांगितलं. तार नाही, वीज नाही. नसलेल्या गोष्टीला जोडणार काय? तिचा आवाज तिलाच थोडा मोठा वाटला. कियातने जुन्या भागाच्या अलीकडून लाल रेघ ओढली आणि कागद पुढे सरकवला. अधीक्षक साधी खुर्ची घ्यायची तरी महिनाभर विचार करायचे. त्यांनी न वाचता सही केली, आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत बसले.

"नशीब उघडलं!" कियात जिन्यात कुजबुजला. "चल, मत बदलायच्या आत निघू."

"बॅग वर राहिली. आलेच."

जुन्या खोलीत मावशी पपनस सोलत बसल्या होत्या. खिडकीतून तिरकं ऊन आलं होतं. रंपाने बॅगेला हात घातला आणि पाटीवर दिवा लागला. बारीक, दबलेली घंटा वाजू लागली. कापलेल्या तारा जागच्या जागी लोंबत होत्या.

मावशींनी एक फोड सुटी केली.

"मावशी, वाजतेय."

"हो."

"तुम्ही जाणार ना?"

"हद्द ठरली ना आता? माझे पायही दुखतात." त्यांनी फोड तिच्यापुढे ठेवली. "सकाळी तू मागितलंस ते जागेच्या मालकाने दिलं. लगेच दिलं."

"मी घाईत बोलून गेले हो."

"तो घाईत ऐकत नाही."

घंटा थांबेना. खाली हॉर्न वाजला. रंपाने टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि बुटांसकट आत गेली.

पलंगाचा नुसता लोखंडी सांगाडा उरला होता. शेजारच्या स्टुलावर पेला होता, रिकामा. पण आतून अजून ओला.

"आले हं," ती म्हणाली.

मागे घंटा थांबली.

तिने पेला काठोकाठ भरला. वळली तेव्हा परिचारिकांच्या खोलीत कुणी नव्हतं. पाटीवरचा दिवा विझला होता. दाराशी मावशींच्या रबरी चपला जोडीने काढून ठेवल्या होत्या, वॉर्डाकडे तोंड करून.

खाली कियात हॉर्न वाजवतच होता. रंपा खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.