सोनपापणी

माधवगंजातल्या जगदाळ्यांच्या बैठकीत भिंतीवर चार फोटो ओळीनं टांगलेले आहेत आणि चौघांच्याही मिशा काळ्याभोर आहेत. नव्या माणसाला वाटतं, तरुणपणीचे फोटो मुद्दाम निवडून लावले असतील. तसं काही नाही. म्हातारपणीचा फोटो काढायची वेळ त्यांच्यापैकी कुणावर आलीच नाही. पण याचं त्या घरात कुणाला दुःख नव्हतं, उलट तोरा होता. आमच्यात कुणी अंथरुणाला खिळत नाही, कुणाकडून तोंडात पाणी घालून घेत नाही, आमचा माणूस चालता-बोलता जातो, सोन्यासारखं मरण येतं आम्हाला, असं आल्यागेल्याला ऐकवलं जायचं. आलेगेलेही माना डोलवायचे. चौघांतला एकही पन्नाशीला पोचला नव्हता, हे साधं गणित कधी कुणी मांडलं नाही.

या मरणाची खूण म्हणजे सोनपापणी. हा शब्द ग्वाल्हेरात दुसऱ्या कुठल्या घरात ऐकू यायचा नाही. जगदाळ्यांच्या पुरुषांना तिशीच्या आसपास डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, पापणीवर, तुरीच्या डाळीएवढा पिवळा फुगीर ठिपका उठायचा. दुखायचा नाही, खुपायचा नाही. दक्खनेतून फौजेबरोबर आलेल्या मूळ पुरुषावर देवी प्रसन्न झाली आणि तिनं आपलं सोन्याचं बोट त्याच्या पापणीला लावलं, अशी कथा. म्हणून दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की शमीचं पहिलं पान, म्हणजे पहिलं सोनं, घरातली थोरली बाई सोनपापणीवाल्याच्या डोळ्याला लावायची आणि मग त्याच्या हातात द्यायची. ज्याला सोनपापणी नाही त्याचा नंबर मागून. आजची घरातली थोरली बाई म्हणजे शांताताई, त्यांचे चुलत सासरे संग्रामसिंह असेच मागून सोनं घेणारे. बिचारे चौऱ्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत मागूनच घेत राहिले.

ओळीतला चौथा फोटो शिवाजीरावांचा, म्हणजे शांताताईंच्या यजमानांचा. ते सत्तेचाळिसाव्या वर्षी दसऱ्याच्या दिवशी गेले. शस्त्रांसमोर मांडी घालून बसले, हात जोडले आणि गेले. सगळ्या घराण्यात असं मरण कुणाला आलं नाही, असं लोक अजून म्हणतात. तेव्हा शांताताई पस्तिशीच्या होत्या आणि हेमेंद्र तेरा वर्षांचा. आज हेमेंद्र वीज कंपनीत इंजिनियर आहे. अंगानं सडपातळ, रोज सकाळी किल्ल्याचा चढ चढून येणारा, सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेला. येत्या माघात तो बापाच्या वयाचा होणार होता. शांताताईंच्या मनात ही गोष्ट वर्षभर घर करून होती, पण बोलणार कुणाशी? ती भीती वाटायची गोष्ट आहे, हेच त्या घराला मान्य नव्हतं.

श्रावणात नातीच्या, गरिमाच्या केसांना तेल लावताना शांताताईंना तिच्या डाव्या पापणीवर तो ठिपका दिसला. पोर बावीस वर्षांची. मुलीला सोनपापणी उठल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि पोरीचं तोंड उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिलं. हेमेंद्रला मात्र आनंद झाला. त्यानं पाटणकर बाजारातून पेढे आणले, शेजाऱ्यांना वाटले, आता मुलीही जगदाळे म्हणायच्या, असं म्हणून हसला. गरिमाला त्या कौतुकाचा उपयोग नव्हता. तो ठिपका फोटोत दिसायचा याचाच तिला वैताग, म्हणून ती तो काढून घ्यायला कातडीच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर हर्षिता वयानं लहान, पण बाई हुशार निघाली. ठिपक्याला तिनं हातच लावला नाही. गरिमाच्या टाचेमागचा स्नायूचा दोर दाबून पाहिला, तो जाड लागला तशी विचारलं, घरातली माणसं कशानं गेली? गरिमानं लहानपणापासून ऐकलं होतं तसंच सांगितलं, चालता-बोलता गेली. किती वर्षांची होती, हे डॉक्टरनं विचारल्यावर मात्र ती एकेक वय सांगता सांगता अडखळली. ठिपका नंतर बघू, आधी रक्त तपासा, असं सांगून डॉक्टरनं तिला परत पाठवलं. रक्तातल्या चरबीचा आकडा इतका वर आला की प्रयोगशाळेनं काही चुकलं असेल म्हणून पुन्हा रक्त घेतलं. चुकलेलं नव्हतं. मग हेमेंद्रचं तपासलं, तर त्याचा आकडा लेकीपेक्षाही वर.

हृदयाच्या डॉक्टरकडे शांताताई हट्टानं बरोबर गेल्या. त्या डॉक्टरनं पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. काट्यावरचं वजन वेगळं आणि रक्तातली चरबी वेगळी. तुमच्या घराण्यात यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलून घेत नाही, जन्मापासूनच नाही, आणि हे बापाकडून लेकराकडे येतं. मग ते साठत जातं. पापणीवर, टाचेमागं साठलेलं दिसतं. हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं दिसत नाही. एक दिवस तिथला रस्ता बंद होतो. हृदयात झाला तर झटका, मेंदूत झाला तर लकवा. तूप-तळण कमी कराच, किल्लाही चढा, पण तेवढ्यानं भागायचं नाही. गोळी रोज घ्यायची आणि जन्मभर घ्यायची, त्यानं धोका पुष्कळ उतरतो. तुमच्या आधीच्या माणसांना ही गोळी मिळाली नाही, तुम्हाला मिळतेय, असंही तो म्हणाला.

हेमेंद्रनं ऐकून घेतलं, फी दिली, दुकानातून दोघांच्या गोळ्याही घेतल्या आणि घरी येऊन त्या बैठकीतल्या कपाटाच्या खणात टाकल्या. शांताताईंनी चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “आई, गोळ्या खाऊन ऐंशी वर्षांचा होऊ आणि खाटेवर पडून राहू? आबा कसे गेले ते तू बघितलंस ना? हात जोडले आणि गेले. असं मरण नशिबात असेल तर ते मी गोळी खाऊन कशाला घालवू?”

त्याची बायको शालिनी रडली, भांडली, अबोला धरून बसली. काही उपयोग झाला नाही. बापाच्या मरणावर त्याची इतकी श्रद्धा होती की त्यापुढं बायकोचं रडणं त्याला पोरकट वाटे. आणि मग एक दिवस शांताताई गरिमाच्या मागे लागल्या, तू तरी घे, तर ती पोर मोबाइलवरून मान वर न करता बोलली.

“पापा नहीं लेंगे तो मैं भी नहीं लूँगी, आजी. मला काय एकटीलाच म्हातारी व्हायचंय?”

ती चेष्टा करत नव्हती. बापाची लाडकी होती आणि त्याच्याइतकीच हट्टी. शांताताईंना कळून चुकलं, की आता एकाचा नाही, दोघांचा जीव टांगणीला आहे, आणि दोरी आपल्या हातात आहे.

कारण त्यांना दोन गोष्टी ठाऊक होत्या. पहिली त्यांच्या थोरल्या दिरांची, संभाजीरावांची. त्यांना एक्कावन्नाव्या वर्षी लकवा झाला आणि ते गावातच हजीरा भागातल्या आपल्या घरात चार वर्षं पडून होते. तोंड वाकडं झालेलं, जीभ लुळी. शांताताई रोज जाऊन त्यांना मऊ भात भरवायच्या. त्यांचा फोटो ओळीत नाही. त्यांना सोनपापणी नव्हती म्हणून ते खितपत पडले, असं घरात सांगतात. शांताताईंनी ओल्या फडक्यानं त्यांचे डोळे पुसले होते. दोन्ही पापण्या पिवळ्या होत्या. एकदा त्यांनी हे सासूबाईंना सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, तुला नीट दिसलं नसेल.

दुसरी गोष्ट शिवाजीरावांच्या शेवटच्या दिवसाची. त्या दिवशी संध्याकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, तेरा वर्षांचा हेमेंद्र त्यांच्या कुशीत शिरून म्हणाला होता, “आबांना दुखलं का?” आणि शांताताई म्हणाल्या होत्या, नाही रे बाळा, फुलासारखे गेले. पोर तेवढ्या शब्दावर झोपलं. त्याच शब्दावर ते मोठं झालं. ते शब्द खोटे होते. पण कोणत्या आईनं त्या वेळी दुसरं काही सांगितलं असतं? पुढं सांगायचं म्हटलं तर त्याची ती एकच ठेव होती, ती हिरावून कशी घ्यायची? आता त्याच ठेवीपायी तो मरणाच्या वाटेला लागला होता, आणि त्याच्या मागं लेक.

दसरा उजाडला. बैठकीत पाटावर दोन तलवारी, एक कट्यार, भाल्याचं टोक मांडलं होतं आणि बाजूला हेमेंद्रची कामाची पेटीही ठेवली होती, टेस्टर आणि पकडीसकट. भाऊबंद सोनं द्यायला नंतर यायचे होते. घरात चौघंच होती. आरती झाली, झेंडूची फुलं वाहून झाली. हेमेंद्र रिवाजाप्रमाणे आईसमोर गुडघे टेकून बसला आणि पहिल्या पानासाठी त्यानं डोळे मिटले. गरिमा त्याच्या शेजारी बसली, यंदा पहिल्यांदाच, आणि तिनंही डोळे मिटले.

शांताताईंच्या हातात शमीचं पान होतं. समोर दोन चेहरे, दोन पिवळे ठिपके, आणि वर भिंतीवर चौथ्या फोटोत तिसरा. त्यांचा हात उठला नाही.

“डोळे उघड, हेमू,” त्या म्हणाल्या. “तुझे आबा इथं गेले नाहीत. मागच्या खोलीत गेले.”

हेमेंद्रला आधी काही समजलंच नाही. शांताताई बोलत राहिल्या, कारण थांबल्या असत्या तर पुन्हा धीर झाला नसता. सकाळपासून आबांच्या खांद्यात आणि जबड्यात दुखत होतं. सणाच्या दिवशी कशाला बभ्रा, म्हणून ते ओवा चावून फिरत राहिले. दुपारी घामानं सदरा भिजला, उलट्या सुरू झाल्या. तुला मामाकडे शमी आणायला पाठवलं होतं. डॉक्टर मिरवणुकीला गेलेले, दुसरा कुणी सापडेना. खोलीत ते जमिनीवर लोळत होते आणि माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की आठ दिवस वळ गेला नाही.

“ते मला म्हणाले, शांता, काहीतरी कर. मला नाही मरायचं. हेमू लहान आहे.” शांताताईंनी आपलं मनगट धरलं. “हेच दोनदा-तीनदा म्हणाले. मग बोलता येईना.”

पुढचं त्यांनी हळू सांगितलं. संग्रामसिंहकाकांनी आबांचं तोंड धुतलं, नवा सदरा चढवला, दोघातिघांनी उचलून इथं आणून बसवलं आणि हात जुळवले. पोरानं बापाला असं बघू नये, एवढंच ते म्हणाले. काका वाईट नव्हते. मीही तेव्हा त्यांच्या पाया पडले, कारण मलाही तू ते बघायला नको होतास. आणि संभाजीरावांच्या दोन्ही डोळ्यांना सोनपापणी होती. मी या हातांनी पुसली आहे. देवीचं बोट नाही ते, बाळा. ते आपल्या माणसांना असंही नेतं आणि तसंही नेतं.

शालिनी दाराला टेकून उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. हेमेंद्रनं तलवारींसमोरच्या जमिनीकडे पाहिलं. जिथं बाप बसलेला त्यानं आयुष्यभर डोळ्यांपुढं ठेवला होता, ती जागा त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. मग त्यानं आईकडे पाहिलं आणि शेचाळीस वर्षांच्या त्या माणसाच्या तोंडून तेरा वर्षांच्या पोराचा प्रश्न जसाच्या तसा आला.

“आबांना दुखलं का?”

“हो रे,” शांताताई म्हणाल्या. “फार दुखलं.”

तो खाली वाकला आणि त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. नमस्कारासाठी नव्हे. त्याला रडायचं होतं, आणि बापासाठी तो त्या दिवशी पहिल्यांदा रडला. इतकी वर्षं रडायला कारणच कुठं दिलं होतं त्याला कुणी? गरिमानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडू लागली.

थोड्या वेळानं बाहेर फाटक वाजलं, भाऊबंद येऊ लागले होते. हेमेंद्रनं तोंड पुसलं. खणातल्या गोळ्या आण, दोघांच्याही, असं तो लेकीला म्हणाला. तिनं आणल्या. शालिनीनं पाणी दिलं. शस्त्रांसमोर बसूनच दोघांनी एकेक गोळी गिळली आणि गरिमानं तोंड वाकडं केलं.

शांताताईंनी शमीचं पान त्याच्या पापणीला लावलं नाही. त्याचा तळहात उघडून त्यात ठेवलं, दुसरं नातीच्या हातात दिलं. “सोनं घ्या,” त्या म्हणाल्या, “आणि सोन्यासारखं राहा.” दसऱ्याला घरोघर म्हणतात तेच शब्द. या घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले होते, आणि या घरानं त्यातलं सोनं तेवढं ऐकलं होतं. शेवटच्या शब्दाशी त्यांचा आवाज फुटला, नीट ऐकू गेला नाही असं त्यांना वाटलं, म्हणून लेकाची मूठ आपल्या हातांत धरून त्यांनी तो एवढा एकच शब्द पुन्हा म्हटला.

“राहा.”