माझ्या पोटातला बुडबुडा

मित्रांनो, घरच्या फरशीवर एक गोटी ठेवून पाहा. ती जागची हलली नाही, तर माझ्या जातीचे आभार माना. मी आहे लेव्हलची नळी. जुनी, प्लास्टिकची, साठ फूट लांब, उन्हानं पिवळी पडलेली. माझ्यात पाणी भरतात आणि माझी दोन तोंडं दोन ठिकाणी धरतात. दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. इथली उंची तिथे नेऊन द्यायची, एवढंच माझं काम. क्षुल्लक वाटलं ना? वाटू द्या. माझ्यावाचून मिस्त्रीचं पान हलत नाही.

माझा जन्म सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातला. नवागामच्या सुकलाल मिस्त्रीनं मला विकत घेतलं. माणूस खानदेशचा, हाताचा पक्का, तोंडाचा त्याहून पक्का. रोज सकाळी तो माझ्यात पाणी भरायचा, टिचक्या मारून एकेक बुडबुडा बाहेर काढायचा आणि माझी दोन्ही तोंडं शेजारी-शेजारी धरून पाणी जुळतंय का ते पाहायचा. मगच काम सुरू. "माझी लेव्हल सूतभर चुकत नाही," असं तो गावभर सांगत फिरायचा, आणि मीही फुगायचे. खोटं कशाला बोलू?

पुढे एकदा शिडीचा पाय माझ्यावर पडला आणि एका तोंडापासून हातभर अंतरावर मी चिरले. सुकलालनं तिथे काळी टेप गुंडाळली. "नवी घेऊ," म्हणाला. घेतली नाही. त्या टेपखालचं पाणी तेव्हापासून कुणाला दिसेनासं झालं.

तशातच अंजनाबाईंच्या घराचं काम आलं. त्यांचे यजमान भिवादादा. उभा जन्म कापडाच्या लूमवर गेला आणि मग अर्धांगवायूनं डावी बाजू गेली. मागच्या खाडीपुरात चौघांनी त्यांना उचलून समोरच्या बुद्धविहाराच्या गच्चीवर नेलं होतं. पाणी उतरल्यावर वस्तीनं विहाराच्या भिंतीवर पुराची लाल रेघ मारून ठेवली. अंजनाबाईंनी जुनं घर पाडलं ते एकाच गोष्टीसाठी. पाणी पुन्हा भिवादादांपर्यंत येता कामा नये.

घराचा नकाशा इंजिनियर वृषाली मॅडमनी काढला होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की जोतं लाल रेघेच्या वर दीड फूट असावं.

सुकलालनं कागद पाहून नाक मुरडलं. "ताई, मॅडम कागदावर घर बांधतात, मी जमिनीवर बांधतो. खूण ती खूण. तिच्या बरोबरीनं फरशी घेतली की झालं. वर आणखी दीड फूट चढवलं तर दादांची चाकाची खुर्ची वर चढवणार कोण?"

"पण मॅडमनी बजावून सांगितलंय, मिस्त्री."

"तीस वर्षांत माझी लेव्हल चुकलीय का कधी? सांगा ना!"

खुर्चीचं नाव निघालं आणि बाई विरघळल्या. मान हलवून मोकळ्या झाल्या.

त्याच वेळी गल्लीत मुरमाचा डंपर येऊन थांबला. मागे टेम्पो, रिक्षा, नुसता भोंग्यांचा कलकलाट. डंपरवाला धर्मेंद्र ओरडत होता, "अरे मिस्त्री, जल्दी बोलो, कितना भरना है!" सुकलालनं घाईघाईत मग्यानं माझ्यात पाणी ओतलं. ना टिचकी मारली, ना तोंडं जुळवली. टेपवालं तोंड विहाराच्या रेघेला लावलं आणि दुसरं घराच्या खांबाला.

आणि मित्रांनो, टेपच्या आत चार बोटं लांबीचा एक बुडबुडा अडकून बसला होता. हवेला पाण्याचं वजन नसतं, त्यामुळे रेघेकडचं पाणी वर राहिलं आणि घराकडचं चार बोटं खाली. सुकलालनं खांबावर तिथेच पेन्सिल ओढली. मला कळत होतं हो! पण नळीला वाचा कुठे?

काम उरकलं. मला बाहेरच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवून सुकलाल जो गेला, तो मला विसरलाच. दुसऱ्या कामाला त्यानं नवी नळी घेतली. भिवादादा एकदा खाटेवरून पडल्यापासून माझ्या खालीच जमिनीवर गादी टाकून झोपायचे.

श्रावणात खाडी फुगली. दिवसा अकराचा सुमार. अंजनाबाई साड्यांच्या घड्या घालायला कारखान्यात गेलेल्या. शेजारची ज्योती दारात आली आणि तिनं फोन लावला. "काकू, सगळे विहारात चाललेत. दादांना हलवू का?"

फोनमधला आवाज मला ऐकू आला. "नको गं. हलवलं की त्यांचे हाल होतात. आपलं घर आता खुणेबरोबर घेतलंय. तू पोरांना घेऊन जा."

ज्योती दार ओढून गेली. तासाभरानं उंबऱ्यावरून पाणी आत आलं. काळं, गटाराचं. आधी गादीची कड भिजली, मग उशी. भिवादादांनी उजव्या हातानं भिंत चाचपली, पण उठता येईना. मी वरून बघत होते. एवढी साठ फूट लांब, आणि माझा उपयोग शून्य.

तीन तासांनी अंजनाबाई कमरेएवढ्या पाण्यातून घरी पोचल्या. पाणी बरोबर लाल रेघेला येऊन थांबलं होतं, वर एक सूतही नाही. आत मात्र चार बोटं.

पाणी ओसरल्यावर सुकलालला बोलावणं गेलं. आधी तो मानेना. "लाट आली असेल," म्हणाला. मग मला खिळ्यावरून काढलं, नीट पाणी भरलं, टिचक्या मारल्या, तोंडं जुळवली आणि पुन्हा मोजलं. फरशी चार बोटं खाली निघाली. त्यानं माझ्यावरच्या टेपवरून अंगठा फिरवला.

अंजनाबाई शिव्या देतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही दीड फूट कापायला सांगितलं आणि मी कापू दिलं. ज्योती न्यायला आली, तर मीच नको म्हटलं."

भिवादादा तापानं फणफणले होते. ते अडखळत बोलले. "सुकलाल, कानात पाणी गेलं होतं रे. हिला हाका मारत होतो. माझीच हाक मला ऐकू येईना."



म्हणून सांगते, मित्रांनो. नळी फाटली तर नवी आणा. घाई असली तरी दोन्ही तोंडं जुळवून पाहा. आणि मिस्त्री कितीही नावाजलेला असो, कितीही गोड बोलो, ते वरचं दीड फूट त्याला कापू देऊ नका. माझ्यासारखीच्या पोटात काय अडकलंय ते कुणालाच दिसत नसतं, आणि जमिनीवर कोण निजणार आहे ते तुम्हाला ठाऊक असतं.