उजव्या हाताची कात्री

मी कात्री. कापणं माझं काम, बोलणं नव्हे. पण पोटात साठलेलं कधीतरी बाहेर काढावंच लागतं. दोन पाती, मधे एक खिळा, नऊ इंच लांबी आणि स्वभावाने जळकी. हे शेवटचं आधीच कबूल करते, म्हणजे नंतर तुम्ही मला बोल लावणार नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला नवी कोरी घेतली. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. खिडकीपाशी मशीन, शेजारी कापड बेतायचं टेबल आणि टेबलावर मी. मला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. नवऱ्याने एकदा मला घेऊन कागदी पाकिटाचं तोंड कापलं, तर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. कागदाने धार मरते हो आमची. आपणच तिच्या सगळ्यांत लाडक्या, असं मी धरून चालले होते. मग तिला मुलगी झाली.

मुलगी दहा वर्षांची झाल्यावर आईने मला मोठ्या हौसेने तिच्या हाती दिलं. पोरीने मला धरलं ते डाव्या हातात. आता मी पडले उजव्या हाताची. डाव्याने दाबलं की माझी पाती फाकतात, कापड मधे दुमडतं आणि खडूची रेघ पात्याआड दडते.

"सरळ हाताने धर," आई म्हणाली.

"मला हाच सरळ आहे," पोर म्हणाली.

आईने मापाची जुनी टेप घेतली आणि पोरीचा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधला. "सवय लागेल. लोक उद्या हसले तर मला चालायचं नाही."

त्या दुपारी पोरीने उजव्या हाताने तीन बाह्या कापल्या, तिन्ही वाकड्या. अंगठा सोलवटला. रडली, पण आवाज काढला नाही. मला मात्र आत कुठेतरी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

सतरा वर्षांची झाल्यावर पोर कोट शिवणाऱ्या एका मास्तरांकडे शिकायला जाऊ लागली. आईने सोबत मला दिलं. महिनाभर मास्तर चष्म्यावरून नुसतं बघत राहायचे. मग एक दिवस आई विचारायला आली, "कशी आहे हो प्रगती?"

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "बाई, पोरीचा हात चुकीचा नाही. कात्री चुकीची आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं इमानाने राबले, त्याचं हे फळ? वाटलं, आई आता यांना चांगलं सुनावेल. पण तिने मला पिशवीत टाकलं आणि थेट लोहाराचं दुकान गाठलं.

लोहाराने मला जाड कागदावर झोपवलं, माझ्या भोवतीने पेन्सिल फिरवली, तो आकार कापला आणि कागद उलटा केला. झालं. त्याबरहुकूम घडली ती डाव्या हाताची कात्री. माझ्याच अंगावरून माझी सवत बेतली, तीही माझ्या डोळ्यांदेखत.

आईने ती पुडक्यात बांधून मास्तरांना दिली. "तुम्हीच द्या तिला. तुमच्याकडून म्हणून द्या. माझं नाव नको."

"का हो?"

"तुम्ही द्याच," एवढंच ती म्हणाली.

मास्तरांनी दिली. "घे, डावरे," म्हणाले. पोरीने पहिल्याच दमात लोकरी कापडावर अशी लांब, सुतासारखी रेघ कापली की माझ्या पात्यांना घाम फुटला. मी घरी परतले आणि घरात एकच जप सुरू झाला. मास्तर असे, मास्तर तसे, मास्तरांमुळे माझा हात मोकळा झाला. आई ऐकायची आणि मला जरा जास्तच करकचून दाबायची. आम्ही दोघी जळत होतो. मला निदान सवत होती. तिला तर स्वतःच दिलेल्या भेटीचा हेवा वाटत होता.

बारा वर्षांनी लेकीने स्वतःचं दुकान उघडलं. दाराला फीत बांधली होती. पंधरा-वीस माणसं जमली. आईने मला पिशवीत घालून आणलं होतं, विचारलं तर असावी म्हणून. पण लेक म्हणाली, "मास्तरांनी मला माझा हात परत दिला. फीत तेच कापतील, त्यांनीच दिलेल्या कात्रीने."

आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली.

मास्तर पुढे झाले. ते उजव्या हाताचे, कात्री डाव्या हाताची. फीत पात्यांत दुमडली, कापेना. लोक हसले. मास्तरही हसले आणि मग थांबले.

"डावरे," ते म्हणाले, "मी तुला धंदा शिकवला, त्याचे आभार घेतो. ही कात्री मात्र तुझ्या आईने घडवून घेतली. मी फक्त हातात ठेवली. बारा वर्षं दुसऱ्याचे आभार खातोय, आता पचत नाहीत."

"राहू द्या ना मास्तर," आई पुटपुटली.

लेक तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, मला सांगितलं का नाहीस?"

"ज्या हाताने तुझा हात बांधला, त्याच हाताने दिली असती, तर घेतली असतीस?"

लेक खरं तेच बोलली. "नसती घेतली."

"म्हणून."

लेकीने आईच्या पिशवीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि आईच्या उजव्या हातात दिलं. आईने फीत कापली. एका दमात. सवतीकडे मी बघितलंसुद्धा नाही.

आता आईचे हात थरथरतात आणि माझा खिळा सैल झालाय. गेल्या महिन्यात लेक कापड घेऊन आली. म्हणाली, "आई, माझा कोट तू बेत." स्वतः कोट शिवणारी, पण कापड ताणून धरून बसली. आम्ही कापला. डावी बाही चांगलीच तिरकी गेली. तिने ती तशीच शिवली आणि रोज तोच कोट घालून दुकानात जाते.

एवढंच सांगते, आभार मानायचे असतील तर माणूस समोर आहे तोवर, नीट चौकशी करून माना. निम्मे आभार भलत्याच पत्त्यावर जातात.

गिऱ्हाइकं लेकीला विचारतात, "एवढी वाकडी बाही कुणी हो कापली?"

"माझ्या आईने," ती ऐटीत सांगते.

आईने. जशी काही एकटीनेच कापली.