शाळेची मागची भिंत

आष्टीच्या शाळेच्या तीन भिंती पुंजाराम मिस्तरीनं आणि बद्रीनाथनं उभ्या केल्या. चौथीच्या, म्हणजे मागच्या भिंतीच्या वेळेला बद्रीनाथ शहागडकडं दुसऱ्या कामावर निघून गेला, आणि म्हाताऱ्या पुंजारामनं नाइलाजानं थापी केशरबाईच्या हातात दिली. साल होतं चौऱ्याहत्तर. बाई भिंत कशी बांधते हे बघायला पहिल्या दिवशी निम्मं गाव येऊन गेलं. पुरुष बांधतो तशीच बांधते, हे बघून हिरमुसलं होऊन परत गेलं.

केशरबाई दुष्काळाच्या आधीपासून, तब्बल सात वर्षं, पुंजारामच्या हाताखाली दगड वाहत होती आणि वाहता वाहता त्याचे हात बघत होती. ओळंबा कसा सोडायचा, दोरी कुठं ताणायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आता शनिवारी ओव्हरसियर येणार होता. त्यानं भिंत पास केली तर मस्टरवर तिचं नाव बिगाऱ्यांतून निघून गवंड्यांत लागेल, असं पुंजारामनं कचेरीतून कबूल करून घेतलं होतं. नापास केली तर जन्मभर डोक्यावर घमेलं.

गुरुवारी दुपारपर्यंत भिंत कमरेच्या वर गेली. ओळंब्यात सरळ होती, देखणीही होती. केशरबाई पाणी प्यायला मागं सरली आणि तिनं भिंतीकडं नीट पाहिलं. वरच्या दोन हात उंचीत एकही लांबडा दगड नव्हता. लांबडा दगड भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत जातो आणि दोन्ही तोंडं धरून ठेवतो. तो नसला की भिंत बाहेरून ठणठणीत दिसते, आणि एखाद्या पावसाळ्यात मधोमध फुगून खाली बसते. हाताशी येईल तो दगड ती उत्साहात बसवत गेली होती, आणि हाताशी लांबडा आलाच नव्हता.

का आला नाही, हे तिला विचारावं लागलं नाही. लांबडा दगड मान मोडतो. म्हणून बाया तो ढिगाच्या तळाशी सारतात, वर बारके दगड पसरतात, आणि मिस्तरी ओरडल्याशिवाय काढत नाहीत. ही अक्कल बौद्धवाड्यातल्या सगळ्या बायांना दिली कुणी, तर केशरबाईनंच.

तिनं थोरल्या जावेला, सोनूबाईला, लांबडे दगड आणायला सांगितलं. सोनूबाईनं घमेलं खाली ठेवलं.

"मान आपली हाय, शाळा सरकारची हाय, हे सात वर्सं तूच सांगत आलीस. आता थापी हातात आली तर आमच्यावर हुकूम करून राह्यली का?"

बाया हसल्या. केशरबाईला आपलेच शब्द ओळखू आले. तिला स्वतःचीच लाज वाटली. पुंजाराम म्हणाला, राहू दे, ओव्हरसियर काही भिंत उकलून बघत नाही. पण त्या भिंतीला पाठ लावून तिची पोरगी बेबीनंदा बसणार होती. केशरबाईनं पहार घेतली आणि वरची दोन हात भिंत स्वतःच पाडली.

शुक्रवारभर ती ढिगातून लांबडे दगड उपसत होती, डोक्यावर वाहत होती, परत वर चढून बसवत होती. बाया आपापली घमेली नेत होत्या आणि तिच्याकडं बघायचं टाळत होत्या.

शनिवारी ओव्हरसियर आला तेव्हा भिंत पुन्हा कमरेच्या वर आली होती. त्यानं हातोडीनं ठोकून पाहिलं, वरच्या थरात पहार घालून पाहिली, लांबडे दगड मोजले. काम चोख आहे म्हणाला, आणि गवंडी कोण ते विचारलं. पुंजारामनं बोट दाखवलं. केशरबाई दगड डोक्यावर घेऊन येत होती.

"अहो मिस्तरी, ही तर दगड वाहतेय," ओव्हरसियर हसून म्हणाला आणि काढलेलं पेन त्यानं परत खिशाला लावलं.

केशरबाईच्या डोक्यावर एवढं ओझं होतं, की तिला मान हलवून हो म्हणणंही जमेना. पुंजाराम नुसताच चाचरत राहिला. आपला घास तोंडापाशी येऊन पडला, हे केशरबाईला कळलं.

तेवढ्यात सोनूबाई पुढं झाली. तिनं केशरबाईच्या डोक्यावरचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या डोक्यावर घेतला.

"वर चढा, मिस्तरी," ती धाकट्या जावेला म्हणाली. "ह्यो कुठं ठिवू, ते सांगा."

केशरबाई वर चढली आणि तिनं थापीनं जागा दाखवली. ओव्हरसियरनं पुंजारामला तिचं पूर्ण नाव विचारलं.