दंडातली सैल माळ

माळा ओवणाऱ्या पादिकीच्या मापाबद्दल ओदुमासे गावात काय काय सांगत. म्हणे भिंतीपलीकडच्या बाईचं नुसतं खोकणं ऐकून तिने तिच्या कमरेची माळ ओवली, आणि ती नेमकी बसली. म्हणे एका नवऱ्याने बायकोला चकित करायचं म्हणून हवेत दोन्ही हात गोल धरून तिची कंबर दाखवली. पादिकीने त्या मापाने माळ ओवली. ती बायकोला ढगळ झाली, मागल्या आळीतल्या विधवेला मात्र चपखल बसली, आणि त्या घरात पुढे कितीतरी दिवस चूल पेटली नाही. खोकल्याची गोष्ट कोणी मानो न मानो, विधवेची खरी. ती चालली की कापडाखालून ती माळ अजून वाजते.

अशा बाईचा हात चुकला, तर तिच्याकडे राहिलं काय?

अगोमान्याच्या बाजारात कोर्कोर पादिकीच्या पुढ्यात येऊन बसली. मांडीवर लेक, डेडे. पोरीने पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी पादिकीनेच तिच्या पोटावर आणि दंडात काचमण्यांच्या माळा बांधल्या होत्या.

"आजी, दंडातली माळ बघ ना. हात खाली केला की मनगटावर येते."

"आणि पोटावरची?"

"ती रुतते. सासूबाई खूश आहेत. म्हणतात, नात भरतेय."

पोर एक, दोरा एक, हात एक, आणि मापं दोन्ही चुकलेली, तीही दोन दिशांना. शेजारच्या चटईवर तेक्वोर मणी विकत होती. पादिकीचे डोळे गेले, आता ती नाकाने ओवते, असं ही तेक्वोर गिऱ्हाइकांना सांगायची.

"हळू बोल," पादिकी म्हणाली. तिने दंडातल्या माळेतले थोडे मणी काढले, पोटावरच्या माळेत दुसरे घातले, गाठी मारल्या. "पैसे नकोत. आणि कुठे बोलू नकोस."

डेडे एवढा वेळ लाकडी बाहुलीसारखी बसून होती.

"किती शहाणी झालीय," कोर्कोर म्हणाली.

पादिकीलाही बरंच वाटलं. पूर्वी ही पोर दिसेल तो मणी तोंडात घालायची. एकदा एक पिवळा गिळला, तर पादिकी दुसऱ्या सकाळपर्यंत त्याची वाट बघत बसली, आणि मग तो धुऊन तिने पुन्हा माळेत ओवला होता.

पुढच्या बाजाराला माळ पुन्हा सैल. त्याच्या पुढच्याला पुन्हा. दर वेळी पादिकी पदराआड मणी काढायची आणि दुधाच्या एका जुन्या डब्यात टाकायची. माळ तेवढ्यापुरती छान बसायची.

पण मनातला किडा काही जाईना. घरी तिने शेळीच्या गळ्याचं माप घेऊन माळ ओवली. शेळीला बसली. तासाभरात शेळीने ती खाऊन टाकली ती गोष्ट वेगळी, पण बसली होती. मग तिने दोरा भिजवला, दगड बांधून आढ्याला टांगला. दोरा केसभरही ताणला गेला नाही. डोळे ठीक, दोरा ठीक. मग उरलं काय, हा विचार तिच्या उंबऱ्यापर्यंत यायचा आणि ती त्याला तिथूनच परत पाठवायची. पोट वाढतंय ना पोरीचं, मग झालं.

एके दिवशी कोर्कोर एकटीच आली.

"आजी, माझीही माळ जरा सैल कर. काचते."

पादिकीने तिच्या कमरेभोवती दोरा फिरवला आणि तिचा हात थांबला. दोऱ्याला जे कळतं ते लपवता येत नाही.

"कितवा महिना?"

कोर्कोरने मान खाली घातली. "अजून घरीसुद्धा बोलले नाही. नजर लागते."

"डेडेला पाजतेस?"

"केव्हाच तोडलं. पोटातल्याचं दूध तिला कसं देऊ?"

"मग खाते काय ती?"

"मक्याची पेज. तीही दोन घास. पण शहाणी आहे आजी. रडत नाही, मागत नाही, दिलं तिथे बसते."

पुढचं मूल येतं आणि आईच्या छातीवरून उतरलेल्या आधीच्या मुलाला जो आजार धरतो, त्याला तिकडे एक नावच आहे. पादिकीने ते लहानपणी घरातच ऐकलं होतं, धाकट्या भावाच्या वेळी. त्यालाही सगळे शहाणा म्हणत. नंतर त्याचं नाव घरात कोणी काढलं नाही.

"डेडे कुठे आहे?"

"सासूबाईंजवळ. केंकेच्या दुकानात."

पादिकीने डबा पुढ्यात ओतला. डोकं वर न करता काढलेले सगळे मणी एका दोऱ्यात घातले, पहिल्या मापाचे जितके होते तितके पुरे केले, आणि उठली. चटईवर शंभर माळा उघड्या टाकून पादिकी उठली, हे बघून तेक्वोरच्या हातातलं गिऱ्हाईक सुटलं. तीही कोर्कोरच्या मागोमाग निघाली.

केंकेच्या, म्हणजे पानात बांधून उकडलेल्या मक्याच्या गोळ्यांच्या टोपल्यांमागे डेडे भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पादिकीने ती माळ तिच्या दंडात चढवली. माळ कोपरावरून घसरली, मनगटावरून घसरली, मुठीवरून घसरली आणि धुळीत पडली.

"माप चुकलं तुझं, म्हातारे," सासू म्हणाली. "सगळा बाजार म्हणतो ते खोटं नाही."

"चुकलं असतं तर किती बरं झालं असतं," पादिकी म्हणाली. "पोर चालायला लागली तेव्हा ही माळ हिच्या दंडात घट्ट होती. दंड गेलाय. मी मणी काढत गेले, म्हणून कोणाला दिसलं नाही."

"आणि हे पोट? हे काय उपाशी पोट आहे?"

पादिकीने पोरीच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा.

"पोटातही हेच आहे. पाणी."

सासूच्या हातातला केंकेचा गोळा हातातच राहिला.

"तुझे डोळे चांगले आहेत की," मागून तेक्वोर म्हणाली. "मग अक्कल कुठे ठेवली होतीस?"

"त्या डब्यात."

पलीकडच्या टपरीवरून तेक्वोर एक उकडलेलं अंडं घेऊन आली.

"अंडं नको," सासू पुटपुटली. "अंडं खाल्लं की पोर चोर निघते."

"निघू दे," पादिकी म्हणाली. "चोरी करायला अंगात जोर लागतो."

डेडेने अंड्याकडे नुसतं बघितलं. तोंड उघडलं नाही. तेव्हा मात्र कोर्कोरने तिला पाठीशी बांधलं आणि ती नि पादिकी इस्पितळाच्या रस्त्याला लागल्या.

नर्सने सांगितलं, पाणी उतरेल तशी पोर आधी आणखीच वाळल्यासारखी दिसेल. तसंच झालं. पोटावरची माळही सैल पडली. कोर्कोर रडत म्हणाली, "आजी, निदान ही तरी नीट कर. बघवत नाही."

"बघायचीच आहे," पादिकी म्हणाली. दंडातली माळ आता दोऱ्याने खांद्याला अडकवून ठेवली होती, पडू नये म्हणून. तिच्यातला एकही मणी तिने काढू दिला नाही. रोज ती करंगळी त्या माळेखाली घालायची. करंगळीच काय, अख्खा हात गेला असता.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तेक्वोर विचारायची, "झाली का घट्ट?"

"नाही."

पुढच्या बाजारालाही तेच. आणि त्याच्या पुढच्यालाही. पादिकीचं दुकान तेक्वोरच लावायची आणि तीच उचलायची, आणि पादिकीच्या माळा विकताना डोळ्यांविषयी अवाक्षर काढायची नाही.

मग एका संध्याकाळी पादिकी उशिरा आली आणि चटईच्या कडेवर बसली.

"घट्ट?"

"नाही. तशीच लोंबतेय." पादिकी आपली करंगळी निरखत होती. "आज चावली मला. मी माळ चाचपत होते, तर तिने बोट धरलं आणि चावली."

तेक्वोरने हातातला दोरा खाली ठेवला.

"जोरात?"

"कुठलं जोरात," पादिकी म्हणाली. "पण सोडत नव्हती."