पहिला नकार

समाजशास्त्राच्या पेरेल्मन मॅडम मूळच्या न्यूयॉर्कच्या. मिनेसोटात येऊन त्यांना जेमतेम वर्ष होत होतं, म्हणून तर हा घोळ झाला.

“मारित, पुढच्या वर्षी ऑनर्सचा प्रबंध लिही की,” वर्ग सुटल्यावर त्या म्हणाल्या. “करशील?”

मारितला मनातून उकळ्या फुटल्या. पण तिच्या गावची रीत हाडीमाशी भिनलेली. कुणी कॉफी पुढे केली तरी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला ‘बरं, अर्धाच कप’ म्हणत घ्यायची.

“छे हो, मी कसला लिहिणार! दुसऱ्या कुणाला तरी विचारा.”

“बरं,” म्हणून मॅडम चालत्या झाल्या.

संध्याकाळी फोनवर आईचा विश्वासच बसेना. “एकदाच विचारलं? ही काय पद्धत झाली? तू जरा त्यांच्यासमोरून ये-जा कर. विचारतील परत.”

मारितने मॅडमच्या खोलीवरून इतक्या फेऱ्या मारल्या, की मॅडम तिला हात करून करून दमल्या. विचारलं काही नाही. नावं द्यायची मुदत शुक्रवारी संपत होती.

मग तिलाच वाटलं, सुटले. प्रबंध म्हणजे सगळा उन्हाळा इथेच, लोकांच्या मुलाखती घेत. बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं आणि आई घरात एकटी. तिने पुन्हा फोन लावला.

“आई, उन्हाळ्यात घरी येऊ?”

“नको गं. मला काय धाड भरलीय?”

“येते ना. बागेचं काम करू.”

“नको म्हटलं ना. बाग काय पळून चाललीय?”

आता येईल ते उत्तर खरं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“आई, येऊ का?”

पलीकडून बराच वेळ नुसती फ्रिजची घरघर ऐकू आली.

“नको,” आई म्हणाली. “तू आलीस की मी तुझ्यासाठी हसत बसेन. मला अजून नीट रडायचंय. ऑगस्टमध्ये ये, आठवडाभर.”

शुक्रवारी सकाळी मारित मॅडमच्या दारात उभी राहिली. “मला प्रबंध करायचाय.”

“पण तू तर नाही म्हणालीस!”

“ते पहिलं नाही होतं.”

मॅडमनी चष्मा काढला. “म्हणजे? किती असतात तुमच्यात?”

“दोन. तिसऱ्याला खरं सांगायचं.”

“अगं बाई! आणि मी वर्षभर सगळ्यांना एकेकदाच जेवायला बोलावतेय. म्हटलं, माझ्या हाताला चव नाही की काय!” हसता हसताच त्यांनी मारितचं नाव लिहून टाकलं. “विषय काय घेणार?”

“अजून ठरला नाही,” मारित म्हणाली. “पण मुलाखतींना वेळ जास्त धरा. प्रत्येक प्रश्न तीनदा विचारावा लागेल.”